घरच्या घरी टॅपेट सेटिंग: कोणती हत्यारं, कोणते सुटे भाग, आणि फट मोजायची कशी

दहा_अकराचा_पाना (सातारा)

नमस्कार मंडळी. आमची स्प्लेंडर २००३ सालची, बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे आहे. तीन वर्षांपूर्वी हेडमधून (सिलिंडरच्या टोकाचा भाग, व्हॉल्व्ह यातच असतात) टकटक यायला लागली म्हणून एका गॅरेजात नेली. दहा किलोमीटर चालवून आणलेल्या गरम इंजिनावरच त्यांनी पाना फिरवला. दोन मिनिटांत आवाज गायब, मी खूश. दोन-अडीच महिन्यांनी सकाळी गाडी लवकर चालू होईना. मग किक इतकी हलकी झाली की हाताने दाबली तरी खाली जाईल. शेवटी हेड उतरवलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप, हातात घेतला, तर बशीची कड फुटावी तसा कडेला नखाएवढा टवका उडालेला आणि टवक्याभोवती राखाडी-पांढरट डाग. नवा व्हॉल्व्ह, सीट (बंद व्हॉल्व्ह टेकतो ती जागा) घासणं, पॅकिंग, मजुरी, आणि चार दिवस गाडी बंद.

तेव्हापासून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, मी स्वतः सेट करतो. या धाग्यात त्याबद्दल सविस्तर लिहितोय, कारण हे काम घरी जमण्यासारखं आहे आणि बहुतेक जण उगाच घाबरतात.

आधी फट ठेवतात कशाला ते. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते. रॉकर आणि दांडी यांच्यात गार असताना थोडी जागा सोडलेली नसेल, तर तापल्यावर रॉकर व्हॉल्व्हला सतत किंचित उचलून धरतो. व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटवर टेकलेला असतानाच हेडला देतो. टेकलाच नाही तर उष्णता जाणार कुठे? त्यात फटीतून जळता गॅस सुसाट बाहेर पडतो आणि कड खातो. माझ्या व्हॉल्व्हचं तेच झालं. उलट फट जास्त असेल तर आवाज येतो, व्हॉल्व्ह थोडा कमी उघडतो, रॉकर आणि स्क्रूची तोंडं ठोकली जातात. नुकसान त्यातही आहे, पण ते हळूहळू होतं आणि कानाला कळतं. टाइट व्हॉल्व्ह मात्र गप्प राहून जळतो. म्हणून आवाजावरून टॅपेट सेट करू नका, फट मोजा.

माझ्या गाडीच्या पुस्तिकेत इनलेट (हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह) आणि एक्झॉस्ट दोन्हीकडे ०.०५ मि.मी. दिलंय, इंजिन गार असताना. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या पुस्तिकेतूनच घ्या. शेजाऱ्याची गाडी त्याच कंपनीची असली तरी आकडा वेगळा असू शकतो.

आता हत्यारं. सगळ्यात महत्त्वाचं फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्यांचा सेट, त्याबद्दल पुढे जाणकार जास्त सांगतील. टॅपेटच्या झाकणांना १७ चा रिंग पाना. फिक्स पान्याने किंवा ॲडजस्टेबलने झाकणाचे कोपरे झिजतात, हे काम रिंगचंच. रॉकरच्या टोकाला फट कमी-जास्त करणारा ॲडजस्टिंग स्क्रू असतो, आणि तो जागेवर धरणारा लॉकनट. लॉकनटला माझ्या गाडीवर ९ चा रिंग पाना बसतो. स्क्रूचं डोकं छोटं चौकोनी असतं, त्यासाठी टॅपेट की मिळते, ३ मि.मी.च्या चौकोनी भोकाची. लोक ते डोकं पक्कडीत धरतात. एकदा, दोनदा चालतं, मग डोकं गोल होतं आणि स्क्रू बदलावा लागतो. की फार स्वस्त मिळते, ती घ्याच. प्लग पाना. मॅग्नेटचा (इंजिनाबरोबर फिरणारं डाव्या बाजूचं चाक) नट फिरवायला सॉकेट आणि टी-हँडल. मॅग्नेट कव्हरवरची दोन झाकणं उघडायला रुंद पात्याचा स्क्रू ड्रायव्हर. माझ्याकडे पाच रुपयांचं जुनं जाड नाणं त्या खाचेत अगदी फिट्ट बसतं. शिवाय जुना टूथब्रश, सुती फडकं, थोडं डिझेल आणि एक पसरट ताटली.

ताटली कशाला, तर या इंजिनाचा सिलिंडर आडवा असतो. इनलेटचं झाकण वर, एक्झॉस्टचं खाली. खालचं उघडलं की हेडमध्ये साठलेलं ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं.

सुटे भाग आधीच आणून ठेवा: टॅपेट झाकणांच्या दोन ओ-रिंग, मॅग्नेट कव्हरच्या झाकणांच्या दोन, आणि जमलं तर स्क्रू व लॉकनटची एक जोडी. रविवारी सगळं उघडून बसल्यावर ओ-रिंग तुटली तर दुकान बंद असतं.

कृती थोडक्यात. गाडी रात्रभर उभी राहू द्या. हेडच्या आजूबाजूची माती ब्रशने साफ करा, नाहीतर झाकण उघडताच ती आत जाते. प्लग काढा, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. चारही झाकणं काढा. डाव्या बाजूने मॅग्नेट घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवा आणि टी ही खूण कव्हरवरच्या खाचेसमोर आणा. दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघा. दोन्ही किंचित खुळखुळले पाहिजेत. मग फीलर घाला, लॉकनट सैल करा, स्क्रू फिरवा, पातं थोडं चिकटत सरकेल इतपत ठेवा, स्क्रू कीने धरून लॉकनट आवळा. आणि पुन्हा मोजा. आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, त्यामुळे शेवटचं मोजमाप लॉकनट आवळल्यानंतरचं.

शंका असतील तर विचारा. इतर गाड्यांचे अनुभवही येऊ द्या.

---

सई_तळेगाव

फार उपयोगी धागा. वाचनखूण साठवली.

माझ्याकडेही बाबांचीच स्प्लेंडर आहे, रोज तळेगाव ते चाकण जाते. गेल्या रविवारी नुसतं बघण्यापुरतं उघडलं होतं. दोन अडचणी आल्या. एक, मॅग्नेटवर एक नाही, दोन-तीन रेघा दिसतात. एका रेघेजवळ एफ आहे, एकीजवळ टी. दुसरं, टी बरोबर खाचेसमोर आणला तरी रॉकर अजिबात हलेना, दोन्ही घट्ट. घाबरून सगळं परत लावून टाकलं. म्हणजे माझे दोन्ही व्हॉल्व्ह टाइट झालेत का?

---

दहा_अकराचा_पाना

सईताई, घाबरू नका. एफ ही ठिणगीची खूण, तिचा इथे संबंध नाही. आपल्याला टी हवा.

टी समोर असताना पिस्टन सगळ्यात वर असतो, पण चार स्ट्रोकच्या चक्रात तो दोनदा वर येतो. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. दुसऱ्यांदा धूर बाहेर टाकून झाल्यावर, तेव्हा एक्झॉस्ट मिटत असतो, इनलेट उघडायला लागलेला असतो आणि दोन्ही रॉकर दाबाखाली असतात. तुम्ही त्या दुसऱ्या जागी होतात. मॅग्नेट अजून एक पूर्ण फेरा फिरवा, टी पुन्हा समोर येईल आणि रॉकर मोकळे मिळतील. तिथेही एखादा हललाच नाही, तर मात्र तो खरंच टाइट आहे.

आणखी एक खूण: इनलेटचा रॉकर व्हॉल्व्ह दाबून परत वर आला की त्यानंतर येणारा टी आपला.

सॉकेट नसेल तर मेन स्टँडवर टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढे फिरवलं तरी इंजिन फिरतं. प्लग काढलेला हवा.

---

उद्यमनगर_टर्नर (कोल्हापूर)

चांगला विषय काढलात. माझं सगळं आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेलंय, तेव्हा फीलर गेजबद्दल मी लिहितो.

बाजारात मिळणारे बरेच सेट ०.०५ पासून सुरू होतात. तुमची फट ०.०५ हवी असेल तर असला सेट निम्मंच काम करतो. ०.०५ चं पातं गेलंच नाही, तर फट ०.०४ आहे का शून्य, हे कळणार कसं? म्हणून ०.०३ किंवा ०.०४ पासून सुरू होणारा सेट मागून घ्या. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत नागदेवीला, आमच्याकडे उद्यमनगरात मिळतो. दुकानदाराने पुढे केलेला पहिलाच सेट घेऊ नका. पाती उलगडून बघा. कडेला बर (धारेवर राहिलेला खरखरीत कण) नको, सुरकुती नको, गंजाचा ठिपका नको. पातळ पात्याला एकदा घडी पडली की घडीच्या जागी ते जाड मोजतं. टोकाला वाकवलेल्या पात्यांचा सेट मिळाला तर अडचणीच्या जागी हात चांगला जातो.

"थोडं चिकटत सरकेल" हे नवीन माणसाला समजत नाही. त्याने दोन पात्यांचा नियम लावावा. ०.०५ चं गेलं पाहिजे आणि ०.०७ किंवा ०.०८ चं जाता कामा नये. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या की हाताचा अंदाज चुकला तरी फट चुकत नाही. हात बसेपर्यंत असंच करा. पातं घालण्याआधी फडक्याने पुसा आणि ऑइलचं एक बोट लावा. सरळ ढकलू नका, आडवं सरकवा, नाहीतर ०.०५ चं पातं कागदासारखं दुमडतं.

जुन्या मंडळींसाठी: ०.०५ मि.मी. म्हणजे दोन थाउ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ).

आता एक गोष्ट जी सहसा कोणी सांगत नाही. ॲडजस्टिंग स्क्रूचं तोंड वर्षानुवर्षं व्हॉल्व्हच्या दांडीवर आपटून मध्ये खोलगट होतं. फीलरचं पातं सपाट आणि रुंद. ते खळग्याच्या दोन काठांवर टेकतं, खळगा त्याला दिसतच नाही. तुम्ही ०.०५ मोजता, पण दांडीचं टोक त्या खळग्यात बसणारं असतं, म्हणजे खरी फट ०.१० सुद्धा असू शकते. सेटिंग बरोबर करूनही टकटक जात नसेल तर स्क्रू काढून तोंड बघा. नखाला खळगा लागला तर स्क्रू बदला. तोंड ग्राइंडरवर सपाट करून परत लावू नका, वरचा कडक थर निघून जातो आणि नवा खळगा लवकर पडतो.

---

नागपुरी_ऊन

गार इंजिन म्हणजे किती गार? आमच्याकडे मे महिन्यात रात्रभर उभी गाडीसुद्धा हाताला कोमट लागते.

---

उद्यमनगर_टर्नर

होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलात ३५ अंशांच्या खाली असं लिहिलेलं असतं. तुमच्याकडे मे महिन्यात पहाटे पाच-साडेपाचला करा, किंवा सरळ पावसाळ्यानंतर. गाडी रात्री सावलीत लावा.

---

रिक्षा_कोथरूड

धागाकर्त्याच्या "टाइट व्हॉल्व्ह गप्प राहून जळतो" या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा. मी सीएनजी रिक्षा चालवतो. सीएनजी कोरडा गॅस. पेट्रोलच्या गाडीत सीटवर थोडंफार ओलावण असतं, ते इथे नसतं, आणि हेडही जास्त तापतं. व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातो. रुतला की दांडीचं दुसरं टोक रॉकरच्या बाजूला वर येतं आणि फट आपोआप कमी होते. कोणी पाना लावलेला नसताना टॅपेट टाइट होत जातो. नवीन ड्रायव्हरला वाटतं, वा, इंजिन किती शांत झालं. मग एक दिवस चढावर गाडी ओढत नाही आणि सकाळी स्टार्टर फिरूनही चालू होत नाही.

माझ्या पहिल्या रिक्षाचं हेड असंच गेलं. आता दर सर्व्हिसिंगला फट मोजूनच घेतो, आकडा वहीत लिहितो. मागच्या वेळेपेक्षा फट किती कमी झाली ते बघितलं की सीटची तब्येत कळते. सतत कमी होत असेल तर सीटचं काम जवळ आलं.

कारला सीएनजी किट लावलेल्यांनीही हे लक्षात ठेवा.

---

मिस्त्री_कराड

मी गॅरेजवाला आहे, तीस वर्षं झाली. इथे सगळा दोष मिस्त्रीवर येतोय म्हणून लिहितो.

गिऱ्हाईक काय म्हणतं? "आवाज बंद करा." फीलर घालून बरोबर सेट केलं आणि गार असताना थोडी टिकटिक राहिली, तर तेच गिऱ्हाईक संध्याकाळी परत येतं, काम नीट झालं नाही म्हणून. गाडी गार व्हायला तीन तास ठेवून जा म्हटलं तर थांबत नाही, दुसरीकडे जातं. दिवसाला दहा-पंधरा गाड्या असतात. मी बोटाने रॉकर हलवून फट ओळखतो. माझ्याकडे फीलर आहे, नव्या पोरांना मी त्यानेच शिकवतो, पण माझा हात फीलरपेक्षा वाईट नाही.

---

दहा_अकराचा_पाना

काका, तुमचं म्हणणं पटतं. आवाज बंद करा असं मीच सांगितलं होतं, ते वर लिहिलंय. तीस वर्षांच्या हाताला मी काही शिकवणार नाही. पण तो हात तुमचा आहे. आम्ही वर्षातून दोनदा पाना धरणारे, आम्हाला बोटाने ०.०५ आणि ०.०२ यातला फरक कळत नाही. आमच्यासाठी पातंच बरं.

एक विनंती आहे. गिऱ्हाइकाला एक वाक्य सांगत जा, की थोडी टिकटिक असलेली बरी. तुमच्या तोंडून ऐकलं तर लोक ऐकतील.

---

मिस्त्री_कराड

सांगतो की. ऐकणारा असला तर जरूर सांगतो.

पोरांसाठी एक हिशेब देतो. स्क्रूचा आटा अर्ध्या मि.मी. पिचचा असेल, तर एका पूर्ण फेऱ्याला ०.५ मि.मी. आणि एक-दशांश फेऱ्याला ०.०५. घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या हिशेबाने सहा मिनिटं. स्क्रू हलक्या हाताने टेकवायचा, मग सहा मिनिटं मागे घ्यायचा. जवळपास बरोबर येतं, नंतर पात्याने खात्री करायची. आटा जुना झाला असेल तर लॉकनट आवळताना स्क्रू वर ओढला जातो आणि फट वाढते, तेवढं लक्षात ठेवा.

---

म्हापशेकर

आमचे बाबा म्हापशाला मोटरसायकल पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाले होते. पिवळ्या मडगार्डची गाडी, दिवसभर बाजार, बसस्टँड, हॉस्पिटल असे फेरे. गाडी बंद तर त्या दिवसाची कमाई बंद, त्यामुळे टॅपेट ते घरीच बघत, मी लहानपणी टॉर्च धरायचो.

गोव्यातल्या पावसात आणि खाऱ्या हवेत झाकणं जाम होतात. स्टीलच्या झाकणाचा आटा ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये चावतो. पान्यावर पाईप चढवून जोर लावला की हेडचे आटे झाकणाबरोबर बाहेर, आणि ते काम मग टर्नरकडे. बाबा आदल्या रात्री झाकणाच्या कडेला गंज सोडवणारं तेल मारून ठेवत. सकाळी पान्यावर लाकडी मुठीने दोन हलके ठोके द्यायचे, मग झाकण सुटतं. परत लावताना आधी फक्त बोटांनी, किमान दोन-तीन फेरे. बोटांनी फिरत नसेल तर आटा वाकडा धरलाय, काढून पुन्हा लावायचं.

ओ-रिंगबद्दल धागाकर्त्याने लिहिलंच आहे. जुनी ओ-रिंग उन्हात वाळलेल्या रबरासारखी चपटी आणि कडक होते. तीच परत लावली तर एक्झॉस्टच्या झाकणातून थेंब थेंब ऑइल सायलेन्सरच्या बेंड पाईपवर पडतं, धूर येतो आणि माणसाला वाटतं रिंग-पिस्टन गेले. आमच्या गल्लीत एकाने याच समजुतीने इंजिन उघडायची तयारी केली होती. दोन ओ-रिंग बदलल्या, धूर थांबला. नवी ओ-रिंग लावताना तिला ऑइलचं बोट लावा, कोरडी बसवली तर आवळताना पिळते.

---

जुनी_बुलेट_नगर

बुलेटवाल्यांसाठी दोन शब्द, कारण आमची तऱ्हा वेगळी.

जुन्या कास्ट आयर्न इंजिनात पुशरॉड, म्हणजे खालून रॉकरला ढकलणाऱ्या लांब दांड्या असतात. उजव्या बाजूला एका नटाने धरलेलं छोटं झाकण आहे, त्याच्या आत पुशरॉडच्या खालच्या टोकाला ॲडजस्टर. इथे फीलरचं काम नाही. इंजिन गार, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, आणि पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा. सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली खुळखुळता कामा नये. हत्यार म्हणाल तर पातळ फिक्स पाने, दोन-तीन एकदम लावावे लागतात. जाड पाना त्या खिडकीत मावत नाही. मी जुने पाने ग्राइंडरवर घासून पातळ करून घेतलेत. झाकणाचं पॅकिंग जवळ ठेवा.

त्यानंतरच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनाच्या बुलेट आणि क्लासिकमध्ये हायड्रॉलिक टॅपेट आहेत. ते ऑइलच्या दाबावर स्वतः फट भरून काढतात, तिथे फिरवायला काही नाही. तरी लोक "टॅपेट सेट करून द्या" म्हणून पैसे देतात. त्या इंजिनात टकटक येत असेल तर आधी ऑइलची पातळी आणि ऑइल कधी बदललं ते बघा.

---

गिअर_पाचवा

ज्यांच्या गाडीत स्क्रू नसून शिम (फट ठरवणाऱ्या ठरावीक जाडीच्या चकत्या) असतात त्यांनी काय करायचं? माझी निंजा ३०० आहे. सर्व्हिस सेंटरने सांगितलेला आकडा ऐकून स्वतः करावंसं वाटतंय.

---

उद्यमनगर_टर्नर

करता येतं, पण आधी हे समजून घ्या. मोजणं आणि बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. मोजण्यासाठी हेड कव्हर उघडायचं, कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याचा) उंचवटा बकेटच्या, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या टोपीच्या, विरुद्ध दिशेला आणायचा आणि फीलर घालायचा. एवढं घरी करा. सगळे आकडे कागदावर हेडचं चित्र काढून त्या-त्या जागी लिहा. सगळे मर्यादेत असतील तर कव्हर लावून मोकळे व्हा. बरेचदा मर्यादेतच निघतात, निम्मा खर्च तिथेच वाचतो.

बदलायचं झालं तर कॅमशाफ्ट काढावे लागतात. म्हणजे टायमिंग चेनवर खुणा, कॅमच्या पकडीचे बोल्ट थोडे-थोडे करून क्रमाने सोडणं, परत लावताना टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना). अंदाजाने आवळलं तर हेडमधले आटे जातात. टॉर्क रेंच नसेल तर या कामाला हात लावू नका, हे मी कळकळीने सांगतो.

शिमचा हिशेब सोपा आहे. नवी शिम बरोबर जुनी शिम अधिक मोजलेली फट वजा हवी ती फट. समजा जुनी शिम २.५० ची, फट मोजली ०.०८, हवी ०.१२. मग २.५० अधिक ०.०८ वजा ०.१२ म्हणजे २.४६. साधारण ०.०५ च्या टप्प्याने शिम मिळतात, तेव्हा २.४५ ची घ्या, फट ०.१३ होईल. जुन्या शिमवरचा छापील आकडा बऱ्याचदा पुसलेला असतो आणि असला तरी झिजेमुळे खरा नसतो. ०–२५ मि.मी.चा मायक्रोमीटर लागतोच. व्हर्नियर कॅलिपरने हे काम करू नका, शतांशाची खात्री त्याच्याकडून मिळत नाही. शिमचा व्यास इंजिनानुसार वेगळा, तोही मोजून घ्या. आणि शिम उचलायला पेनासारखं चुंबक ठेवा. शिम इंजिनात पडली तर दिवस गेला. चेनच्या बोगद्यात आधी फडकं कोंबा आणि शेवटी ते आठवणीने काढा.

---

गिअर_पाचवा

धन्यवाद काका. आधी फक्त मोजतो.

---

ॲम्बॅसडर_अमरावती

आमच्याकडे आजोबांची ॲम्बॅसडर आहे, जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाची. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. प्रत्येक सिलिंडरला टी शोधत बसायची गरज नाही, आजोबांनी शिकवलेला नवाचा नियम सांगतो.

रेडिएटरकडून मागे व्हॉल्व्हना १ ते ८ नंबर द्या. इंजिन फिरवत राहा. जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला दिसेल त्याचा नंबर नवातून वजा करा. जो उरतो तो व्हॉल्व्ह त्या क्षणी पूर्ण मोकळा, त्याची फट मोजा. आठवा दाबलेला असेल तर पहिला सेट करा, सहावा असेल तर तिसरा. आठही व्हॉल्व्ह इंजिनाच्या दोन फेऱ्यांत होतात. या इंजिनात एक्झॉस्ट-इनलेटची रांग आरशासारखी आहे, पुढून आणि मागून सारखीच, म्हणून हा नियम चालतो. प्रत्येक इंजिनाला लावू नका.

फट पंधरा थाउ, म्हणजे ०.३८ मि.मी. तिथे पातं जाड, त्यामुळे नवशिक्यालाही हात लवकर बसतो. कव्हरचं कॉर्कचं पॅकिंग मात्र एकदा उघडलं की पुन्हा नीट बसत नाही, नवं आणूनच सुरुवात करा.

---

नवीन_सभासद_लातूर

फीलर गेजऐवजी कागद चालेल का? आमच्याकडे एक जण वहीचं पान घालतो.

---

दहा_अकराचा_पाना

नको. झेरॉक्सचा साधा कागद जवळपास ०.१० मि.मी. जाड असतो, म्हणजे माझ्या गाडीला लागणाऱ्या फटीच्या दुप्पट. शिवाय कागद दबतो आणि ऑइल लागलं की फुगतो. प्लगच्या फटीला हॅक्सॉचं पातं घालतात, ते तिथे ठीक, कारण तिथे ०.६-०.७ चा मामला असतो. इथे शतांशाचा आहे. साधं फीलर गेज मी अडीचशे रुपयांत घेतलं. एका हेडच्या कामाच्या मजुरीत असे कितीतरी येतील.

---

सई_तळेगाव

काल केलं. सविस्तर लिहिते.

सकाळी साडेसहाला सुरुवात. पहिला टी चुकीचाच आला, एक फेरा पुढे नेल्यावर इनलेटचा रॉकर खुळखुळला. एक्झॉस्टचा मात्र अगदी किंचित. फीलर ०.०३ पासूनचा आणला होता. इनलेटला ०.०८ चं आरामात गेलं. एक्झॉस्टला ०.०५ नाही, ०.०४ नाही, ०.०३ चं जेमतेम आत शिरलं. म्हणजे जो आवाज मी वर्षभर ऐकत होते तो इनलेटचा, आणि एक्झॉस्ट तिकडे गुपचूप टाइट होत होता. दोन्ही मिळून "टॅपेट टाइट करा" म्हटलं असतं तर काय झालं असतं ते कळलं.

एक्झॉस्टचा लॉकनट आवळताना फट दोनदा हलली, तिसऱ्यांदा बसली. खालून हात घालून की आणि पाना एकाच वेळी धरणं हे सगळ्यात अवघड. बाबांनी शेवटी समोर बसून की धरली आणि मी पाना फिरवला. टर्नरकाकांचा दोन पात्यांचा नियम लावला: ०.०५ गेलं, ०.०७ अडलं, दोन्हीकडे. इनलेटच्या स्क्रूचं तोंड नखाने बघितलं, सपाट आहे.

खालची जुनी ओ-रिंग काढताना दोन तुकडे झाले. नवी होती म्हणून वाचले. झाकण बोटांनीच पहिले तीन फेरे फिरवलं.

एकच शंका. गार असताना बारीक टिकटिक अजून आहे, पाच मिनिटांनी कमी होते. राहू देऊ ना?

---

मिस्त्री_कराड

राहू दे, पोरी. ती बरोबर आहे. पाचशे किलोमीटरनंतर एकदा एक्झॉस्टची फट परत मोज. पुन्हा कमी झालेली दिसली तर सीट बघावी लागेल. आणि खालच्या झाकणावर दोन दिवस लक्ष ठेव.

---

सई_तळेगाव

हो काका. काल रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. सकाळी कोरडं होतं. आकडे वहीत लिहिलेत, पाचशे झाले की इथेच लिहीन.